तपासणारा नंबर सतरा

टेंभुर्णेकाकांनी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पहिल्यांदा स्टीलची पट्टी टेकवली, तेव्हा मी ओरडलोच, "अजी काका, स्क्रीन आहे ते! ओरखडा पडंल!"

काकांनी पट्टी उचलली नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा वाचला, खिशातल्या डायरीत लिहिला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जाहिरात साडेतीन इंच. वड्याचा फोटो अडीच इंच. वडा लहान आन जाहिरात मोठी, असं काहून गा?"

साकोलीच्या बसस्थानकाजवळ माझं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन. पाटीवर खाली थोडी जागा उरली म्हणून पेंटरला मी 'वेबसाइट बनवून मिळेल' असंही लिहायला सांगितलं होतं. इतक्या वर्षांत त्या ओळीवर बोट ठेवून आत आलेला माणूस एकच, तो म्हणजे टेंभुर्णेकाका. वेबसाइट कशी बनवतात हे मला तेव्हा येत नव्हतं. मी "या, बसा" म्हणालो, चहा मागवला आणि दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ पाहून शिकायला लागलो.

काका माझ्याच गावचे, एकोडीचे. पण सारी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेली, तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार झाला आणि निवृत्तीनंतर गावात घर बांधून ते परत आले. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग मापून पाहायचा, बरोबर असला तर त्यावर शिक्का मारायचा, नसला तर बाजूला काढायचा. प्रत्येक तपासणाऱ्याचा शिक्का वेगळा, काकांचा नंबर सतरा. काय तपासत होते असं विचारलं की "लोखंड" एवढंच सांगत आणि विषय भाताच्या रोवणीवर नेत. निवृत्त होताना शिक्का जमा करावा लागला. सहा इंची पट्टी मात्र स्वतःच्या पैशाने घेतलेली होती, ती शर्टाच्या खिशात तशीच राहिली. डावा कान यंत्रांच्या आवाजात कामातून गेला होता. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे, आणि त्यांना सांगायचं नसलेलं काही बोलायचं तर डाव्या. गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे त्याचा फायदा घेत, मीही.

काकांना हवा होता तो ब्लॉग, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे कुसुमकाकूंच्या, रांधण्याचा. लाखोळीच्या डाळीचे वडे, काटवलाची भाजी, तळ्यातल्या झिंग्यांची चटणी. आपल्याकडे घरोघरी होणारे आणि कुठल्याच पुस्तकात नीट न सापडणारे पदार्थ. काकू रांधत आणि काका शेजारी वजनकाटा घेऊन बसत. मी एकदा तिथे होतो तेव्हाचा संवाद मला तोंडपाठ आहे.

"मीठ किती?"

"अंदाजानं."

"अंदाज किती ग्रामचा?"

काकूंनी झारा खाली ठेवला. "तुमच्या कारखान्यात माणसं जेवत होती का खिळे?"

काकांनी डायरीत लिहिलं, 'मीठ : उद्या पुन्हा.' एकेक पदार्थ तीनदा रांधून तिन्ही वेळा सारखा उतरला, तरच तो ब्लॉगवर चढे, आणि त्याच्या शेवटी काका माझ्याकडून दोनच शब्द टाईप करून घेत. 'तपासले – १७.' पुण्यामुंबईकडच्या वाचकांना वाटे की ही काहीतरी सरकारी भानगड असावी.

ब्लॉगवर जाहिराती लावाव्यात ही कल्पना माझी. एका कंपनीकडे अर्ज करायचा, त्यांनी दिलेला कोड पानावर टाकायचा, मग त्या जागेवर जाहिराती आपोआप दिसतात आणि कोणी त्या उघडल्या की थोडे पैसे जमा होतात, असं मी काकांना मोठ्या ऐटीत समजावलं. मला वाटलं ते लगेच किती मिळतील असं विचारतील. त्यांनी विचारलं, "खातं कोनाच्या नावानं राहीन?"

"तुमच्याच ना, काका."

"भाजी तिची, हात तिचे, आन नाव माहं कायले? कुसुमच्या नावानं काढ."

तसं काढलं. महिनाभराने पत्ता पडताळायला कंपनीचं एक पाकीट टपालाने एकोडीत आलं. त्यावर छापलं होतं, कुसुम टेंभुर्णे. काकूंच्या घरी लग्नपत्रिका यायच्या त्या 'श्री. टेंभुर्णे आणि परिवार' अशा. नुसतं त्यांचं नाव असलेलं ते पहिलंच पाकीट. आतला आकडा मी कॉम्प्युटरमध्ये भरला, म्हणजे पाकिटाचं काम संपलं होतं, पण काकूंनी ते बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर उभं करून ठेवलं. आल्यागेल्याने विचारावं म्हणून थोडं पुढे सरकवूनच.

कंपनीचे नियम काकांनी माझ्याकडून छापून घेतले, मराठीत लिहून घेतले आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या वर चिकटवले. आपल्या पानावरची जाहिरात आपण उघडायची नाही, दुसऱ्याला उघडायला सांगायची नाही. तेव्हापासून काकू स्वतःचा ब्लॉग पाहताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत आणि पान सरकवायला काकांना हाक मारत. "चुकून बोट लागलं तं?" असं त्या मला गंभीरपणे सांगत.

मग सुरू झाल्या त्या काकांच्या चाचण्या. मी व्हिडिओत पाहिलं होतं की जाहिराती वर-खाली, डावी-उजवीकडे, भरपूर लावायच्या आणि काय होतं ते बघायचं. काकांनी मला पहिल्याच दिवशी अडवलं. "एका येळी एकच गोष्ट बदलवाची. दोन बदलवल्या आन फरक पडला, तं कोन्यामुळं पडला हे तुहा बाप सांगंल काय?" एक बदल, एक आठवडा, डायरीत एक पान. जाहिरात मथळ्याखाली, मग साहित्य आणि कृती यांच्या मधे, मग कडेला. पान उघडायला किती वेळ लागतो हे ते मनगटी घड्याळ लावून मोजत, तेही माझ्या दुकानातल्या जोरदार इंटरनेटवर नाही, तर एकोडीत गोठ्यामागे, जिथे नेटवर्कची एकच काडी येते. "जिथं सगळ्यात वाईट हाये तिथं मोजावं," असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबाने माझ्या दोन आवडत्या, हलणाऱ्या जाहिराती पहिल्याच आठवड्यात नापास झाल्या.

जाहिरात कुठे बसवायची हे आपल्या हातात होतं, कोणती येईल हे नव्हतं. लाखोळीच्या वड्यांखाली एकदा 'आठ दिवसांत पोट कमी करा' अशी जाहिरात आली. काकू म्हणाल्या, "पहिले खाऊ तं द्या बापा." काकांनी त्या जातीच्या जाहिराती बंद करण्याची सोय शोधून काढायला लावली. ट्रॅक्टरच्या जाहिरातीला त्यांचा आक्षेप नव्हता. ट्रॅक्टर त्यांना आवडायचा.

एकदा मात्र आमचं चांगलंच वाजलं. मी जाहिरात 'पुढे वाचा' या बटणाच्या अगदी खाली नेली. त्या आठवड्यात ती उघडणारे झपाट्याने वाढले. मी पेढे आणायच्या बेतात होतो. काका दोन दिवस माझ्या दुकानात बाकावर बसून राहिले आणि फॉर्म भरायला आलेल्या लोकांच्या हातात स्वतःचा मोबाईल देऊन "हे वाचून सांगा" म्हणत त्यांचे अंगठे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी निकाल दिला. "हे बोट जाहिरात पाहून पडून नाही राहिलं. घसरून पडून राहिलं. नापास."

"पन पैसा तं येऊन राहिला ना, काका!"

"घसरलेल्या बोटाची कमाई मले नोको."

मी दोन दिवस रुसलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता. फुकट राबतो, वर बोलणी खातो, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी झिंग्यांची चटणी पाठवली आणि मी जाहिरात खाली सरकवली.

आता माझ्या करणीकडे यायला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच-नाटकाचे खेळ, जावई-लेकी माहेरी, आणि दिवसभर माईक. एकोडीच्या मंडईचा माईक गेली कित्येक वर्षं माझ्याकडे असतो. माईक हातात आला की मी मी राहत नाही. वर्गणी देणाऱ्यांची नावं पुकारताना कोणाच्या नावामागे दानशूर लावतो, कोणाच्या मागे कर्मवीर. त्या दिवशी काका-काकू गावात नव्हते. फोटोत चांगला दिसेल असा पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला ते भंडाऱ्याला गेले होते. समोर अख्खं गाव बसलेलं पाहून मला प्रेमाचं भरतं आलं. मी पुकारलं, "आपल्या गावच्या अन्नपूर्णा कुसुमताई टेंभुर्णे यायचा ब्लॉग साऱ्या महाराष्ट्रात वाचला जाते! त्याच्यावर जाहिराती येतेत. त्या जाहिराती सगळ्यायनं रोज एकदा दाबा! गावच्या लेकी-सुनेसाठी एवढं करा!" टाळ्या पडल्या. स्वयंपाकघरात चिकटवलेले नियम मीच छापले होते, पण त्या क्षणी एकही आठवला नाही.

आमचं गाव वर्गणीच्या बाबतीत कच्चं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी नेमाने जाहिराती दाबायला सुरुवात केली.

काका आकडे पाहून खूश होतील असं मला वाटलं. ते डायरी घेऊन दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "वाचणारे तेवढेच, आन दाबणारे कितीतरी पट. मी ह्या आठवड्यात काहीच बदलवलं नाही, तरी काटा हलला. म्हंजे बाहेरून कोनीतरी हात लावून राहिलं. कोड काढून टाक, मंग पाहू."

मला काय झालंय ते तेव्हाच समजलं. आणि तोंडातून निघालं, "अजी काका, मंडईले पाहुणे आले होते, ते वाचून राहिले असतीन. राहू द्या ना चार दिवस."

मापाच्या बाबतीत काका कोणाचंच ऐकत नसत. त्या दिवशी माझं ऐकलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. कुसुम टेंभुर्णे यांच्या पानावर बनावट क्लिक आढळले आहेत, सबब खातं बंद करण्यात येत आहे, खुलासा द्यायचा असल्यास एकदाच देता येईल.

ते पत्र मराठी करून काकूंना वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बनावट म्हंजे मी खोटं केलं, असंच म्हनते ना ते?" त्या उठल्या, फळीवरचं पाकीट काढलं आणि पेटीत ठेवून दिलं. पुढचे कित्येक दिवस काकांनी वजनकाटा काढला की त्या म्हणत, "राहू द्या. काय करता लिहून?" पैसे थोडकेच होते आणि ते गेल्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण ज्या बाईने कोणाच्या ताटात कधी शिळं वाढलं नाही, तिचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं गेलं आणि त्याच्यापुढे बनावट हा शब्द आला. हे माझ्यामुळे झालं होतं, आणि मला त्या घरात तोंड वर करून बसवत नव्हतं.

"दोष लपवून दुरुस्त होत नसते," काका म्हणाले. "पहिले कारण काढू. गाडी काढ."

ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले आणि आम्ही एकोडीत घरोघर निघालो. रस्ताभर मी सांगायचं ठरवत होतो आणि पुढच्या वळणावर सांगू म्हणत होतो. पहिलंच घर शेवंताआजीचं. आजी बाजेवर बसून लाखोळी निवडत होती. काका तिच्या शेजारी टेकले. काकांनी विचारलं, "आजी, जाहिराती दाबत होतीस काय वो?" आजी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यानंच तं सांगतलं ना माईकवर, रोज दाबा म्हनून. मी आंघोळ झाली का नातीच्या मोबाईलवर दाबतो. एक दिस चुकवला नाही."

पण नशीब माझं, आजी काकांच्या डाव्या अंगाला बसली होती. काकांनी मान हलवली, चहा संपवला आणि म्हणाले, "आजी, आता दाबू नोको. वाच. नातीकडून वाचून घे, रांधून पाहा, आन बिघडलं तं मले सांग." मग माझ्याकडे वळले, "प्रफुल, बाकीच्या घरी तूच सांग. माह्या कानाले लोकायचं बोलणं उमजत नाही." ते पुढे प्रत्येक घरी अंगणातच थांबले. मी आत जाऊन हात जोडत सुटलो. लोक उलट नाराज व्हायचे. मदत नको म्हणता म्हणजे काय, असं विचारायचे. मी म्हणायचो, वाचा, रांधा, बिघडलं तर सांगा.

खुलासा काकांनी तपासणीच्या अहवालासारखा सांगितला आणि मी इंग्रजीत टाईप केला. दोष कोणता, कधीपासून, डायरीतले रोजचे आकडे, दोष थांबवण्यासाठी काय केलं. मधे एक रकाना होता, कारण. मी थांबलो. काका सावकाश म्हणाले, "लिही. गावच्या लोकायले नियम माहीत नव्हते. त्यायनं आपुलकीनं केलं. नियम सांगायची जबाबदारी तपासणाऱ्याची होती, ती त्यानं पाळली नाही. खातेदार बाईचा यात काही दोष नाही."

"तपासणारा कोन म्हनून लिहू?"

"नंबर सतरा."

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. कीबोर्डवर हात तसेच राहिले आणि मग मी ते टाईप केलं.

बरेच आठवडे काही आलं नाही. या काळात गावाने मात्र काकांचं म्हणणं फारच मनावर घेतलं. शेवंताआजीने निरोप धाडला की वड्यांसाठी डाळ भिजवायची वेळ चुकली आहे, थंडीत जास्त लागते. कोणी म्हणालं काटवलात तेल कमी सांगितलंय. काकूंना पहिल्यांदा राग आला, मग त्यांनी थंडीची वेळ लावून वडे करून पाहिले आणि खाता खाता दुसरा उचलला. वजनकाटा पुन्हा खाली उतरला. काकांनी पानावर 'दुरुस्ती' असा मथळा टाकून आजीच्या नावानिशी ती छापली. त्यानंतर चुका सांगायला लोक भर दुपारी दार वाजवायला लागले.

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा काकू हात पाठीमागे बांधून स्क्रीनसमोर उभ्या होत्या. खुलासा मान्य, खातं पुन्हा सुरू. मी दोनदा वाचून दाखवलं. "खोटं केलं नाही असं लिहिलं काय?" त्यांनी विचारलं. तसं अक्षरशः लिहिलेलं नव्हतं. काका म्हणाले, "तसंच लिहिलं हाये." मोजल्याशिवाय न बोलणारा हा माणूस एवढं एकदाच मोजमाप सोडून बोलला. पाकीट फळीवर परत आलं.

जाहिराती पुन्हा लावताना काकूंनी पहिल्यांदाच मत दिलं. "ताट वाढल्यावर मधात कोनी बोलते काय? जेवण झाल्यावर सुपारी द्यावी, तशी ते जाहिरात खाली द्या." एकच जाहिरात, पदार्थ संपल्यावर, तळाशी. आठवडाभर मोजलं. सगळ्या चाचण्यांमध्ये सगळ्यात कमी उत्पन्न याच जागेचं निघालं. काकांनी डायरीत लिहिलं, 'सर्वांत कमी. पास.' ती जाहिरात आजही तिथेच आहे.

काका आता थकलेत. दुकानात येणं होत नाही, मीच रविवारी जातो. हे सगळं मी लिहायला घेतलं ते त्यांच्यावर कोणीतरी लिहावं म्हणून, पण मंडईपाशी आल्यावर कळलं की मी माझी कबुलीच लिहितो आहे. तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून छापायला देण्याआधी कागद त्यांच्याकडे ठेवून आलो आणि चहा न घेता निघालो.

चार दिवसांनी काकूंनी कागद परत पाठवले, वड्यांच्या डब्यासोबत. लाल पेनाने ठिकठिकाणी खुणा होत्या. पट्टी सहा इंची, बरोबर. जाहिरात साडेतीन नाही, सव्वातीन इंच, डायरी पाहावी. 'दोन दिवस रुसलो' याच्यापुढे लिहिलं होतं, चार. मंडईच्या मजकुरावर मात्र एकही खूण नव्हती. मी घाबरत पान उलटलं. शेवंताआजीच्या घरापाशी, 'डाव्या अंगाला' या शब्दांखाली सरळ रेघ होती, पट्टी लावून मारलेली. समासात काकांचं अक्षर होतं.

'दुरुस्ती. आजी उजव्या अंगाला बसल्या होत्या. बाकी ठीक. तपासले – १७.'